खांबावरची चिंबोरी

आत्याच्या शेतात खांब रोवला त्या दिवशी मी तिथं पेढा खायला गेले नव्हते, विरोध करायला गेले होते. पेढा खाल्ला, ती गोष्ट वेगळी.

तेव्हा मी रोडपालीत आईबापांच्या घरी राहायचे आणि पत्रकं लिहायचे. नदीत रसायनं सोडणारे, औषधांच्या रिकाम्या बाटल्या विहिरीच्या काठावर फेकणारे, अशा सगळ्यांविरुद्ध आमची एक संघटना होती. संघटना म्हणजे आम्ही मोजकी टाळकी आणि पनवेलच्या बाजारातला एक सोशिक छापखाना. पत्रक कसं लिहायचं ते मी तिथंच शिकले. पहिल्या वाक्यानं घाबरवायचं, दुसऱ्यानं जाब विचारायचा, तिसऱ्यात दोषी कोण ते सांगून मोकळं व्हायचं. चौथं वाक्य कोणी वाचत नाही, त्यामुळे तिथं आपली मागणी घालायची.

आत्याचं गाव आपट्याच्या अलीकडे, पाताळगंगेच्या काठाला. खांबाच्या कार्यक्रमाला मांडव होता, खुर्च्या होत्या, खांबाला हार आणि हळदकुंकूही होतं. माणसाच्या डोक्याहून उंच लोखंडी खांब. वर उन्हावर चालणारी काळी पाटी, तिच्याखाली हवेतला ओलावा मोजणारी पांढरी डबी, मग मान खाली घातलेला कॅमेरा आणि कॅमेऱ्यासमोर एक पिवळी चिकट पाटी. त्या पाटीच्या मध्यावर वासाची गोळी. भातातल्या खोडकिड्याचे पतंग गोळीच्या वासाला भुलून येणार आणि चिकटणार. कॅमेरा रोज सकाळी त्यांचा फोटो काढणार, तो मोबाइलच्या जाळ्यातून खारघरच्या ऑफिसात जाणार, तिथला कॉम्प्युटर किडे मोजणार आणि नाव नोंदवलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला मेसेज येणार. त्या ऑफिसातले साहेब बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, की आता शेतकऱ्यानं बांधावर यायची गरज नाही, बांधच त्याच्या खिशात येईल. टाळ्या पडल्या. आत्या शेजारच्या बाईला विचारत होती, की मग तन कोन बेननार, खिसा?

खांबाचा खर्च कीटकनाशकं विकणाऱ्या एका कंपनीनं उचलला होता. म्हणजे किडे किती ते मोजणारी कंपनी आणि किडे मारायचं औषध विकणारी कंपनी एकच. हे मला मांडवातच कळलं आणि पेढा घशाखाली उतरायच्या आत माझं पत्रक मनात छापून झालं होतं. आठवड्याच्या आत ते गावात वाटलंही. लोकांनी घेतलं, घडी घातली, खिशात ठेवलं. कोणीही मला विरोध केला नाही. पत्रकवाल्याचा याहून मोठा अपमान नसतो.

आत्यानं खांबाला जागा दिली होती ती वेगळ्याच कारणासाठी. तिच्या शेताच्या खालच्या कोपऱ्यात तळं होतं. आमच्याकडे भाताच्या खाचराला लागून असं तळं ठेवतात आणि त्यात जिताडा मासा वाढवतात. खाडीतून आणलेलं बोटभर पिल्लू गोड्या पाण्यात सोडायचं आणि वाट बघायची. जिताड्याला मोठं व्हायची घाई नसते. तळ्यात मोठा जिताडा असला, की त्या घराची मान गावात आपोआप वर राहते. आत्याच्या मुलीचं लग्न माघात ठरलं होतं आणि विहीणबाई होत्या उरणच्या, दर्याच्या मासळीत वाढलेल्या. बोलणी चालली असताना त्या सहज म्हणून गेल्या, की तुमच्याकडची मासळी म्हणजे तळ्यातली ना, तिला कसली चव. आत्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "हलदीला माज्या तल्यातला जिताडा वाढीन. मग बोला."

आमच्यात हळदीचं जेवण लग्नाच्या जेवणाहून मोठं. त्यातली मासळी दोन्हीकडचे लोक पुढची कित्येक वर्षं आठवणीनं काढतात. आत्याचा शब्द म्हणजे त्या दिवसापासून त्या तळ्यातले जिताडे. खांबाला कॅमेरा आहे म्हटल्यावर तळ्यावर मासेचोर फिरकणार नाहीत, एवढाच तिचा हिशेब होता. कॅमेरा खाली तोंड करून फक्त पाटीकडे बघतो, हे तिला माहीत होतं. चोरांना माहीत नव्हतं.

गणपती गेले, भात दुधात आलं. दाणा कोवळा असतो, दाबला की पांढरं दूध येतं. त्या दिवसांत शेतात ढेकण्या येतो. हिरवट, लांब तंगड्यांचा, घाणेरड्या वासाचा किडा. दाण्यातलं दूध शोषतो आणि लोंबी पोकळ करतो. त्यावर आमच्या बायकांचा उपाय जुना आहे. मेलेली चिंबोरी, म्हणजे खेकडी, फडक्यात बांधायची, चांगली कुजू द्यायची आणि शेतात काठीला टांगायची. त्या वासानं आजूबाजूचे ढेकणे तिथं गोळा होतात, मग पहाटे जाऊन सगळे एकदम जाळायचे.

त्या वर्षी आत्यानं चिंबोरी काठीला टांगली नाही. खांबाला टांगली. थेट वासाच्या गोळीशेजारी.

यात वेडेपणा काहीच नव्हता. साहेबांनीच मांडवात सांगितलं होतं, की हा खांब वासानं किडे बोलावतो. आत्यानं गोळीला नाक लावून बघितलं होतं. पतंगांच्या त्या गोळीचा माणसाला वास येत नाही, हे सांगायचं भाषणात राहून गेलं होतं. आत्याला वाटलं, सरकारी माल, वास उडाला असणार. बिचाऱ्यांचा एवढा मोठा खांब नुसता उभा. तिनं मदत केली. ते बघून शेजारच्या दोघीतिघींनीही आपापली फडकी आणून बांधली. एवढा मजबूत खांब शेतात असताना वेगळ्या काठ्या कशाला रोवा?

दुसऱ्या दिवशी सकाळी परिसरातल्या सगळ्या फोनांवर मेसेज वाजला. खोडकिड्याचा तीव्र प्रादुर्भाव, त्वरित फवारणी करावी. खाली औषधाचं नाव. कोणत्या कंपनीचं, ते सांगायला नकोच.

गावात राहणाऱ्यांनी मेसेज वाचला, शेताकडे बघितलं आणि फोन परत खिशात ठेवला. पण आत्याच्या वरचं खाचर होतं तिच्या चुलत दिराचं. ते माझे काका लागत. जमिनीचे पैसे मिळाल्यावर ते खारघरला टॉवरमध्ये राहायला गेले होते आणि शेत त्यांनी हौसेसाठी ठेवलं होतं. त्यांच्या खिडकीतून शेत दिसत नव्हतं, डोंगर आणि गोल्फचं मैदान दिसत होतं. त्यांनी मेसेज वाचला आणि ताबडतोब दुसऱ्या दिवशी सकाळसाठी फवारणीची माणसं ठरवली. त्यांच्या खाचरातलं पाणी बांधाच्या मोरीतून आत्याच्या खाचरात येतं आणि तिथून तळ्यात.

आत्याचा मला फोन आला. ती रडत वगैरे नव्हती. तिनं सगळं सांगितलं, चिंबोरीसकट, आणि म्हणाली, "ते औषध तल्यात उतरलं तर जिताडे उलटे होतील गो. भावजी माजं आयकत नाय. तू जा, तू शिकलेली हायस."

मी आधी काकांकडे गेले. काकूंनी चहा दिला. काका सोफ्यावर बसून फोन हातात धरूनच बोलत होते.

"या, पुढारीणबाई. आज कोणाचा निषेध?"

मी चिंबोरीची गोष्ट सांगितली. किडे त्यांच्या शेतात नाहीत, खांबावर आहेत; एकदा येऊन डोळ्यांनी बघा, मी बरोबर येते, असं म्हणाले. काकांनी मेसेज माझ्यासमोर धरला. मशीन कशाला खोटं बोलेल, तिला काय कोणाकडून मतं मागायची आहेत? आणि शेतात जायचं कशाला? बांध खिशात आहे. मी म्हटलं, काका, खिशात आहे तो मेसेज आहे, बांध तिकडेच आहे. ते हसले. मग मोरी तरी दोन दिवस बंद ठेवा, असं मी सुचवलं. तर म्हणे पाणी तुंबून भात आडवं पडेल. मी आवाज चढवला. रसायनांनी नदीचं काय झालंय, माशांचं काय होतं, उद्या पिणाऱ्यांचं काय होणार, सगळं बोलले. काका शांतपणे ऐकत होते.

"तुझी सगळी पत्रकं मी वाचतो," ते म्हणाले. "पाण्यात धोका, हवेत धोका, भाजीत धोका. एकदा तरी लिहिलंयस का, अमुक ठिकाणी धोका नाही म्हणून? मग आज तू सांगतेस किडे नाहीत, तर मी कसा विश्वास ठेवू?"

मी चहाचा कप ठेवून निघाले. लिफ्टनं खाली येईपर्यंत तीनचार उत्तरं सुचली, पण परत वर जायला जीव धजेना.

खांबाचं ऑफिस तिथून जवळच होतं, एका कॉलेजच्या मागच्या इमारतीत. मोर्चा घेऊन जाण्यासारखी जागाच नव्हती. एक खोली, दोन टेबलं आणि माझ्याच वयाचा एक इंजिनिअर, वऱ्हाडातला. साहेब दौऱ्यावर होते. मी ठरवून गेले होते, की दारातूनच सुरुवात करायची. पण मी खांब एवढा शब्द काढताच त्यानं विचारलं, की तुम्ही त्या गावच्या का, आणि पडदा माझ्याकडे वळवला.

"सकाळपासून बघतोय. हे काय आहे हो? मला वाटलं, कॅमेऱ्यात मोठा कोळी शिरला."

पडद्यावर फडक्यातून बाहेर आलेली एक नांगी होती. तिच्याभोवती ढेकणे आणि माश्या, पिवळा रंग दिसेनासा झालेला. प्रत्येक ठिपक्याभोवती कॉम्प्युटरनं लाल चौकोन काढला होता. चिंबोरीच्या प्रत्येक तंगडीलाही वेगळा चौकोन होता. मी त्याला ती काय आहे ते सांगितलं, का टांगतात तेही. तो इतका हसला, की टेबलावरचा डबा खाली पडला. मी हसले नाही. मी विचारलं, तुमच्या कॉम्प्युटरला चिंबोरी आणि खोडकिडा यातला फरक कळत नाही का?

"किडा आहे की नाही, एवढंच कळतं," तो म्हणाला. "कुठला किडा, ते पुढच्या टप्प्यात."

"आणि मेसेज मात्र याच टप्प्यात?"

त्यानं मान खाली घातली. मी म्हटलं, मग आत्ताच्या आत्ता दुसरा मेसेज पाठवा, पहिला चुकीचा होता म्हणून. तसं बटणच नव्हतं. मेसेज पाठवायची सोय होती, मागे घ्यायची नव्हती. फोन करायला साहेबांची परवानगी हवी, आणि साहेब डोंगरात, फोन लागत नव्हता. पण उद्या सकाळचा फोटो स्वच्छ आला, तर यंत्र आपणहून दुसरा मेसेज पाठवेल. प्रादुर्भाव नसल्याचा.

"मग पाटी स्वच्छ करा."

"पाटी बदलणं देखभालीत येतं," तो विचार करत म्हणाला. "त्याला परवानगी लागत नाही." त्यानं कपाटातून कोरी पाटी काढली, वर कागद लावलेली, आणि माझ्या हातात दिली. मग खुर्चीत बसला. तो यंत्रात काहीतरी शोधत होता.

प्रादुर्भाव नसल्याचा मेसेज यंत्रात नव्हताच. सुरुवात झाल्यापासून तो कोणी लिहिलाच नव्हता. कीड कमी, कीड मध्यम, कीड तीव्र, सगळ्यांना मराठी वाक्यं होती आणि प्रत्येकाखाली औषधाचं नाव. कीड नाही, या रकान्यात एक रिकामी चौकट. फोटो स्वच्छ आला असता, तर यंत्रानं कोरा मेसेज पाठवला असता. किंवा काहीच नाही.

हा माझ्या आयुष्यातला सर्वात मोठा भांडाफोड होता. मी तिथंच उभी राहून म्हटलं, की ही लबाडी आहे. कीड नाही असं कधी होऊच शकत नाही, असं तुम्ही आधीच ठरवून बसला आहात. तो म्हणाला, लबाडी असेलही, मला माहीत नाही, मी आलो तेव्हापासून असंच आहे. मग की-बोर्ड माझ्याकडे सरकवला.

"माझं मराठी टायपिंग कच्चं आहे. तुम्ही लिहिता ना? लिहा. पण लहान. जुन्या फोनात मोठा मेसेज तुटतो."

मी बसले. पहिलं वाक्य लिहिलं, सावधान. ते खोडलं. दुसरं लिहिलं, शेतकरी बंधूंनो, तुमची फसवणूक. तेही खोडलं. तिसऱ्या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आलं. नेहमी यायचंच. इंजिनिअर डबा उचलून उरलेलं जेवत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता, हे त्यानं चांगलं केलं. काकांनी विचारलं होतं, एकदा तरी लिहिलंयस का. नव्हतं लिहिलं. जिथं धोका नाही त्याचं पत्रक कोण छापतं, कोण वाटतं आणि कोण घेतं? पण तळ्यातले जिताडे माझ्या सवयीसाठी थांबणार नव्हते. शेवटी लिहिलं:

आज कीड नाही. फवारू नका.

तो म्हणाला, बस? मी म्हटलं, बस. खाली औषधाचं नाव घालायची जागा यंत्र मागत होतं. त्यानं तिथं एक टिंब दिलं.

पाटी घेऊन मी गावाकडे जाणाऱ्या रिक्षात बसले. कागदाचा एक कोपरा सुटला होता. कळंबोलीच्या पुढे शेजारी बसलेल्या एका मावशींचा पदर त्याला चिकटला आणि आम्ही दोघी आपट्याच्या फाट्यापर्यंत जोडीनं प्रवास केला. उतरताना पदर सोडवून घेत त्या म्हणाल्या, की लग्नाच्या गाठीपेक्षा ही घट्ट हाय.

अंधार पडायच्या आत पाटी बदलली. आत्यानं चिंबोऱ्या सोडून बांधाच्या टोकाला काठीवर बांधल्या, शेजारणींच्याही. मी तिला बजावलं, की आता खांबाला मदत करायची नाही. ती म्हणाली, नाय करत, तेचं तेला करू दे.

सकाळी मी बांधावर उभी होते. फवारणीची माणसं आली होती, पंप पाठीवर, औषध कालवायला बादली काढलेली. माझा पुढचा कार्यक्रम ठरलेला होता, मोरीसमोर आडवं पडायचं. आत्याला सांगितलं, तर तिनं माझ्या अंगावरच्या पांढऱ्या कुडत्याकडे बघितलं आणि विचारलं, धुनार कोन? आम्ही दोघी खांबाकडे बघत होतो. खांब नेहमीसारखा उभा होता. फोटो काढला की नाही, तेही त्याच्याकडे बघून कळत नाही. माणसांच्या म्होरक्यानं औषधाचं झाकण फिरवलं. आत्या तळ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली, पाठ करून.

माझा फोन वाजला नाही, माझं नाव नोंदवलेलंच नव्हतं. वाजला तो आत्याच्या कमरेचा आणि पाठोपाठ म्होरक्याचा. त्याला काकांचा कॉल होता. त्यानं तो स्पीकरवर टाकला, हात औषधाचे होते म्हणून. काका खारघरहून मोठ्यानं वाचून दाखवत होते, आज कीड नाही, फवारू नका. मग म्हणाले, की बघा, किती अचूक काम आहे, कालच्या कालमध्ये कीड गेलीसुद्धा. आता परत जा, पण येण्याजाण्याचं भाडं देतो. म्होरक्यानं झाकण परत लावलं. आत्या वळली नाही. ती वाकली आणि तळ्याच्या पाण्यात हात धुऊ लागली, बराच वेळ.

महिन्याभरात कंपनीचं रंगीत माहितीपत्रक आलं. त्यात आमच्या गावचा खांब होता आणि वेळेवर दिलेल्या इशाऱ्यामुळे तीव्र प्रादुर्भाव एका दिवसात आटोक्यात आल्याचं लिहिलं होतं. आमच्या संघटनेतले सगळे माझ्यावर चिडले. मी रिकाम्या चौकटीची गोष्ट त्यांना सांगितली होती आणि त्यांना त्यावर चार पानी पत्रक हवं होतं. मलाही हवं होतं. मी लिहायला बसले तेव्हा आत्याचा निरोप आला, हळदीच्या आधी काही करू नकोस.

माघात हळद झाली. जिताडा आत्यानं स्वतः केला, कोणाला हात लावू दिला नाही. विहीणबाईंच्या ताटात डोकं वाढलं. त्यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. सगळी पंगत त्यांच्याकडे बघत होती आणि बघत नसल्याचं दाखवत होती. त्या चांगलं म्हणाल्या नाहीत, वाईट म्हणाल्या नाहीत. ताट रिकामं झाल्यावर त्यांनी ते हातानंच थोडं पुढे सरकवलं. आत्यानं आता तुकडी वाढली.

त्याच पंगतीत काका फोन काढून विहीणबाईंच्या नवऱ्याला माझा मेसेज दाखवत होते. जपून ठेवला होता त्यांनी. "दोन वाक्यं. याला म्हणतात लिहिणं. आमची ही पोर पानंच्या पानं लिहिते, कोण वाचतो?"

मी वाढायचं भांडं खाली ठेवलं. तोंड उघडलंच होतं. आत्या माझ्या कानाशी वाकली.

"आता नको, बाय. तल्यात परत पिल्लं सोडायची हायत. पुढल्या पावसालीबी भावजींना मेसेज येनार, आनि तो तुजाच असनार. कोनाचा हाय ते कललं, तर वाचतील का?"

काकांनी ताट पुढे केलं. मी त्यांना शेपटीकडचा तुकडा वाढला. ते म्हणाले, काटा नाही ना? मी म्हटलं, नाही. त्यांनी लगेच विश्वास ठेवला.